मुंबईचा जमाखर्च

ठरलेल्या पगारावर महागड्या शहरांत बिऱ्हाड थाटावें कीं नाहीं, हा प्रश्न मध्यम स्थितींतील कुटुंबांस आज जितका बिकट वाटतो तितकाच तो शंभर वर्षांपूर्वींही वाटत असे. तो सोडविण्याची रीतही फारशी बदललेली नाहीं. कागदाच्या एका बाजूस पगार मांडावयाचा. दुसऱ्या बाजूस घरभाडें, दाणागोटा, मुलांची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च मांडावयाचा. आणि चार रुपये शिल्लक पडतीलसें दिसलें म्हणजे गांठोडें बांधावयाचें. वरकरणी ही रीत निर्दोष दिसते. परंतु मुंबईंत मध्यमवर्ग कसा वसला हें पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, जीं कलमें या कागदावर कधींच चढलीं नाहींत त्यांनींच बहुधा निकाल लाविला. तीं कलमें कोणतीं, आणि त्यांचा भार कोणीं वाहिला, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

मुंबई महाग होण्याचें पहिलें कारण तिच्या भूगोलांत आहे. समुद्रानें वेढलेली ही चिंचोळी भूमि. येथें माणसें वाढत गेलीं त्या मानानें जागा वाढणें शक्य नव्हतें. १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८५७ सालीं विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि त्याच सुमारास कापसाच्या गिरण्या निघूं लागल्या. पुढें अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) तिकडील कापूस विलायतेस पोहोंचेनासा झाला व इकडील कापसास सोन्याचें मोल आलें. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ सालीं युद्ध संपलें, शेअरांचा सट्टा कोसळला, नामांकित पेढ्या बुडाल्या. आणि १८७२ च्या खानेसुमारींत तोच आंकडा ६,४४,४०५ वर उतरला. आठ वर्षांत सुमारें पावणेदोन लाख माणसांचा हा फरक आहे. तेजीच्या वेळचें भाडें आणि तेजीच्या वेळची मिळकत हीं दोन्हीं कायमचीं धरून चालणाऱ्यास याहून बोलकें उत्तर नको.

सट्टेबाज गेले तरी कचेऱ्या, शाळा, न्यायालयें आणि रेल्वे राहिलीं, व त्यांस लिहिणारे-वाचणारे लोक हवे होते. हे लोक आले ते बव्हंशीं कोंकणांतून व घाटावरून. रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक यांत पहिला. जमीन खडकाळ, तिचे वांटे झालेले. मुलगा चार इयत्ता शिकला कीं त्याच्यापुढें आगबोटीची वाट मोकळी होई. परंतु मुंबईस कुटुंब गेलें असें सहसा घडत नसे. कुटुंब एक माणूस पाठवी. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत राहणाऱ्या दर शंभरांपैकीं शहरांतच जन्मलेले अवघे सोळा होते, आणि हजार पुरुषांमागें स्त्रिया होत्या ५२५. या आंकड्यांत गिरणीकामगारांचा वांटा मोठा आहे हें खरें. तथापि प्रथम एकट्यानें यावयाचें ही रीत पांढरपेशा कारकुनासही चुकली नव्हती.

आतां या कारकुनाचा जमाखर्च पाहा. गिरगांवांतील एखाद्या चाळींत चौघां-पांचांच्या भागीदारींत घेतलेली खोली, खाणावळींतील दोन वेळचें जेवण, आणि उरेल त्याची मनिऑर्डर. टपालखात्यानें मनिऑर्डरीची सोय १८८० सालीं केली, आणि कोंकणांतील कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटूं लागली. लोक म्हणत, मुंबई कोंकणास पोसते. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य होय. घरचे तांदूळ, कुळीथ, आमसुलें यांची गांठोडीं आगबोटींतून उलट दिशेनेंही येत होतीं. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, या कारकुनाचें बाळपण गांवानें पोसलें होतें, त्याच्या बायकोचें बाळंतपण गांवीं होत होतें, त्याचे आईबाप गांवींच थकत होते, आणि नोकरी सुटली किंवा छातीनें धरलें तर तोही गांवींच परतणार होता. मुंबईचा धनी त्याला जो पगार देई तो एका माणसाच्या तरुण वयांतील कामाचा. बाकी सारें आयुष्य सांभाळण्याचा खर्च दुसऱ्याच्या वहींत पडे. ती वही लिहिणारें कोणी नव्हतें, कारण ती बहुतेक स्त्रियांच्या श्रमानें भरलेली होती. वर्षांतून एकदां, गणपतीस नाहींतर शिमग्यास, नवरा दिसावा, आणि एरव्हीं सासूसासरे, गुरें व शेत सांभाळावें, हें त्या वहींतील कलम होतें. अल्प पगारांत मुंबई परवडली ती अशी.

सहकुटुंब राहण्याची सोय होऊं लागली ती फार पुढें, आणि तीही पगार वाढल्यामुळें नव्हे. १८९६ सालीं प्लेगानें शहरांत पाऊल टाकिलें. दाट वस्तीचें पाप डोळ्यांपुढें आलें, व १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. आरंभीं त्यानें घरें पाडलीं अधिक आणि बांधलीं थोडीं. परंतु रुंद रस्ते, चाळी, आणि पुढें दादर-माटुंग्याकडील नव्या वसाहती त्याच्याच योजनांतून उभ्या राहिल्या. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीनें सहकारी गृहसंस्था काढिली. एकट्याला जें घर आवांक्याबाहेरचें होतें तें अनेकांनीं भाग घेऊन उभारिलें. १९२५ सालीं विजेवर चालणारी गाडी आली आणि उपनगरें जवळ आलीं. १९१८ सालीं, व पुनः दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, भाड्यास कायद्यानें आळा घालण्यांत आला. १९४७ च्या कायद्यानें तर १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच प्रमाण धरिलें. ज्याच्या हातीं त्या वेळीं खोली होती त्याच्या पिढ्या तरल्या. जो मागाहून आला त्यास पागडी मोजल्यावांचून उंबरा ओलांडतां येईना. १९९९ च्या कायद्यानें हा जुना कायदा मोडीत निघाला, परंतु तोंवर एकाच चाळींत, सारख्याच पगाराचे दोन शेजारी दोन निरनिराळ्या दैवांनीं राहूं लागले होते. छप्पर कधीं व कोणाच्या आधारानें मिळालें, यावर त्यांचें मध्यमवर्गीयपण ठरलें.

येथवर ज्यांस गांवीं घर व मान दोन्ही होते त्यांची गोष्ट झाली. ज्यांस गांव पाण्याचा घोटही सुखानें घेऊं देत नव्हता त्यांचा हिशेब निराळा होता. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ १९०४ सालीं साताऱ्याकडून मुंबईस आले ते मुलाच्या शिक्षणासाठीं. परळच्या डबक चाळींत एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच अभ्यासिका. मुलाचा अभ्यास साधावा म्हणून ते आपण जागत आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याला उठवीत. मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला, आणि १९१८ सालीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाला. हेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. प्राध्यापकाचा पगार हातीं आल्यावरही ते परळच्या ट्रस्टच्या चाळींतील दोन खोल्यांतच राहिले. विलायतेचें अपुरें शिक्षण पुरें करण्यासाठीं पैसा सांठवावयाचा होता, आणि रमाबाईंनीं थोडक्या रकमेंत संसार चालविला. येथेंही न लिहिलेलें कलम एका स्त्रीच्याच वांट्यास आलें, हें विसरतां येत नाहीं. परंतु केवळ भाडें व पेन्शन यांची वजाबाकी करून सुभेदार थांबले असते तर त्यांनीं साताऱ्याकडेच राहावयास हवें होतें. मुंबई महाग होती; पण शाळा, वाचनालय आणि कांहींसें निनांवीपण येथें मिळत होतें, व त्याची किंमत गांवांत कितीही पैसे दिले तरी चुकती होणारी नव्हती.

या दोन कथा शेजारीं ठेवल्या म्हणजे आमचा मुद्दा स्पष्ट होईल. महागड्या शहरांत जावें कीं न जावें, याचें एकच उत्तर सर्वांस लागू पडत नाहीं. परंतु हिशेब पुरा मांडण्याचें कर्तव्य सर्वांस सारखेंच आहे. पगार आणि भाडें यांपलीकडे तीन कलमें लिहावींत. डोक्यावरील छप्पर कायद्याच्या, संस्थेच्या कीं केवळ घरमालकाच्या मर्जीच्या आधारावर आहे? शिल्लक म्हणून जी रक्कम दिसते ती घरांतील कोणाच्या श्रमांतून, कोणाच्या ताटातुटींतून निघाली आहे, आणि त्या माणसाला विचारलें आहे काय? आणि जेथें आहों तेथेंच राहिल्यानें जें गमवावें लागेल त्याची किंमत कोणत्या रकान्यांत धरली आहे? जुन्या मुंबईकराला पहिल्या कलमाचें उत्तर दैवानें दिलें, आणि दुसरें त्यानें विचारलें नाहीं. सुभेदारांनीं तिसरें ओळखलें, म्हणून एका खोलींतील तो संसार इतिहासांत जमेच्या बाजूस पडला.