घडी, पेटी आणि गार्डाचा डबा

प्रवासाला न्यायची सायकल कशी निवडावी, असे विचारले की बोलणे गिअर, वजन आणि किंमत यांच्याभोवती फिरत राहते. इतिहास चाळला तर वेगळेच दिसते. रेल्वेत किंवा विमानात बसणाऱ्या सायकलींचे आकार रस्त्याने कमी आणि सामानाच्या नियमांनी जास्त ठरवले. रेल्वेने जिथे जागा दिली तिथे सायकल अखंड राहिली. जिथे जागा आक्रसली तिथे तिला बिजागरी आली.

१८९०च्या दशकात अमेरिकेत सायकलचे वेड शिगेला पोहोचले होते. सायकल सामान म्हणून न्यायची की तिचे वेगळे भाडे घ्यायचे, यावर रेल्वे कंपन्या आणि स्वार यांच्यात वाद होता. 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही १८८०ची संघटना. तिने राजकीय जोर लावला आणि १८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कायदाच झाला: प्रवाशाची सायकल इतर सामानासारखी फुकट न्यायची. अशा स्वाराला घडीची काय गरज?

घडीची गरज पडली ती लष्कराला. त्याच दशकात फ्रान्समध्ये जेरार नावाच्या अधिकाऱ्याच्या नावाने घडीची सायकल निघाली. वाट संपली की शिपायाने ती पाठीवर घ्यायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी सायकल बनवली. फ्रेमच्या मधोमध बिजागऱ्या आणि हाताने फिरवायचे पंखाचे नट. विमानातून न्यायची सायकल खऱ्या अर्थाने हीच पहिली म्हणायला हरकत नाही. पण तिचे नशीब विचित्र. ग्लायडरमधून आख्खी जीप उतरवता येऊ लागली आणि छत्रीबरोबर सायकल टाकण्याचे महत्त्व घटले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक या सायकली खांद्यावर घेऊन उतरले, ते आकाशातून नव्हे, बोटींतून.

लहान चाकाला प्रतिष्ठा मिळवून दिली अलेक्स मोल्टन यांनी. १९५६च्या सुएझ पेचामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि मोटारींचे सस्पेन्शन बनवणारा हा अभियंता सायकलकडे वळला. १९६२ मध्ये त्यांची सोळा इंची चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल बाजारात आली. लहान चाक म्हणजे संथ चाक, हा समज त्याच वर्षी कार्डिफ ते लंडन विक्रमाने मोडला. मात्र मूळची मोल्टन घडीची नव्हती.

ती कसर भरून काढायला निघालेल्या हॅरी बिकर्टन यांची अॅल्युमिनियमची सायकल १९७०च्या दशकात आली. हलकी, पिशवीत मावणारी, पण चालवताना लवलवणारी. ती पाहूनच अँड्र्यू रिची या केंब्रिजच्या अभियंत्याला वाटले की हे याहून बरे करता येईल. रिची तेव्हा बागकामावर पोट भरत होते. लंडनमधल्या आपल्या राहत्या घरात त्यांनी नमुने बनवले. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसे, तेच नाव सायकलला मिळाले. मागचे चाक फ्रेमखाली दुमडायचे, पुढचे त्याच्या शेजारी आणायचे, हँडल पाडायचे आणि सीटचा दांडा खाली ढकलला की सगळी घडी जागच्या जागी अडकते. यातली खरी करामत अशी की तेलकट साखळी दोन चाकांच्या मध्ये येते. गर्दीच्या गाडीत शेजाऱ्याच्या पांढऱ्या पँटचा विचार करणारा हा पहिलाच आरेखक असावा, असे मला वाटते.

रॅले कंपनीने ती नाकारली. १९८१ मध्ये तीस जणांनी प्रत्येकी अडीचशे पौंड आगाऊ दिले, तेव्हा कुठे पहिल्या सायकली निघाल्या. नियमित उत्पादन १९८८ मध्ये सुरू झाले, तेही ब्रेंटफर्डला, रेल्वेच्या कमानीखाली. हा काळ ध्यानात घ्यावा. ब्रिटनच्या जुन्या गाड्यांना गार्डाचा ऐसपैस डबा असे, त्यात सायकल उभी राही. १९८०च्या दशकातल्या नव्या स्प्रिंटर गाड्यांत तशी जागा राहिली नाही. ब्रॉम्प्टनच्या यशात रिचींच्या चिकाटीइतकाच या नसलेल्या डब्याचा वाटा आहे, असे माझे मत.

जपानी रेल्वेचा नियम निराळा, म्हणून तिथली सायकलही निराळी. सायकल पूर्णपणे पिशवीत झाकलेली हवी आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज अडीच मीटरच्या आत. या प्रकाराला तिथे 'रिंको' म्हणतात. अडीच मीटर म्हणजे चैनच. चाक लहान करायची गरज नाही. टोकियोच्या अल्प्स या दुकानाने अशा सायकली नावारूपाला आणल्या: पुढचा चिमटा मडगार्डसकट निघतो आणि दोन्ही चाके फ्रेमला दोन बाजूंनी बांधून पिशवी खांद्याला लावता येते.

विमानाने मात्र हिशेब कडक केला. बासष्ट इंच, म्हणजे १५८ सेंटिमीटर, ही तिन्ही मापांची प्रचलित बेरीज. अमेरिकेत मोठ्या चाकाची सायकल मध्येच सुटी करणारे स्टीलचे आट्याचे जोड निघाले, ते वापरणाऱ्यांची पेटी २६ बाय २६ बाय १० इंचांची. बेरीज बरोबर बासष्ट. ओरेगन राज्यातल्या यूजीन गावी १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'बाइक फ्रायडे'ने वीस इंची चाक घेतले. सायकल सुटकेसमध्ये जाते आणि उतरल्यावर तीच सुटकेस चाके लावून मागे ओढता येते. हे वीस इंची चाक मुलांच्या सायकलींमुळे जगात पुष्कळ ठिकाणी मिळते. ब्रॉम्प्टनचे सोळा इंची टायर शोधावे लागते. म्हणून रोज गाडी बदलणाऱ्याने क्षणात होणारी घडी पाहावी. विमानाने एकदा जाऊन महिनाभर हिंडणाऱ्याला अर्धा तास नट फिरवावे लागले तरी चालते, त्याने टायर पाहावे.

आपल्याकडे अजून ब्रेकव्हॅन आहे. सायकलला मोफत सामानाची सवलत नाही, ती नोंदवावी लागते आणि दोन मिनिटे थांबणाऱ्या स्टेशनवर ती उतरवून घेणे जिकिरीचेच. तरीही गावोगाव मिळणाऱ्या अठ्ठावीस इंची टायरची दणकट सायकल मोडतोड न करता नेता येते, हे थोडे नाही. घडीची घेऊन डब्यात चढायचे असेल तर नियम पाहावा: पेटीची कमाल मापे १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर, वातानुकूलित थ्री-टियर आणि चेअर कारमध्ये ५५ बाय ४५ बाय २२.५. घडी घातलेली ब्रॉम्प्टन सुमारे २७ सेंटिमीटर जाड भरते.