धुक्यातल्या बंदराची साक्ष

१/ एप्रिल १८७४. पॅरिसमधील एका प्रदर्शनात जेमतेम ४८ × ६३ सेंटिमीटरचे एक तैलचित्र टांगलेले होते. धुक्यात बुडालेले बंदर, काळसर होड्या आणि नारिंगी सूर्य. लुई लेरॉय या समीक्षकाने त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागदही याहून पूर्ण असतो, असा त्याच्या टोमण्याचा आशय होता.

२/ चित्रकार होता क्लोद मोने, बंदर होते फ्रान्समधील ल हाव्र आणि चित्राचे नाव ‘इंप्रेशन, सनराइज’. याच नावावरून लेरॉयने उपहासाने वापरलेला ‘इंप्रेशनिस्ट’ हा शब्द पुढे एका कलासंप्रदायाची ओळख बनला. पण ज्याला ‘अस्पष्ट’ म्हटले गेले, ते चित्र खरोखर किती अचूक होते?

३/ त्यासाठी आधी रंगांकडे वळावे लागते. तेलात घोटलेला रंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. वापरताना तिला भोक पाडावे लागे; मग उरलेला रंग सुकत जाई. साहजिकच तैलचित्र हे मुख्यतः चित्रशाळेतले काम राहिले. बाहेर जाऊन रेखाटने करायची आणि मोठे चित्र घरी पूर्ण करायचे, ही प्रचलित रीत होती.

४/ १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळून रंग काढता येईल अशा धातूच्या नळीचे पेटंट घेतले. झाकण लावले की रंग ओला राही. चित्रशाळा आता एका पेटीत मावू लागली.

५/ पेटी मिळाली, तरी बंदर थांबत नाही. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलते, जहाजे हलतात, धुके विरते, सूर्य वर सरकतो. हे आव्हान ऊजेन बूदँ पुरते ओळखून होता. खलाशाचा हा मुलगा आपल्या रेखाटनांवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. व्यंगचित्रे काढणाऱ्या किशोरवयीन मोनेला उघड्यावर चित्रे काढण्याची वाट त्यानेच दाखवली.

६/ ‘इंप्रेशन, सनराइज’ काढताना मोने धक्क्यावर नव्हता; तो बंदराकाठच्या हॉटेलच्या खिडकीत होता. रीत मात्र बूदँचीच होती: दृश्य समोर, रंग ओले आणि हाती वेळ थोडा. म्हणून पाणी, धुके, डोलकाठ्या पातळ रंगात झरझर उतरल्या आणि सूर्य एका जाड ठिपक्यात.

७/ या चित्राची प्रतिमा कृष्णधवल करून पाहावी. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! त्याची उजळता भोवतालच्या आकाशाइतकीच आहे. तो वेगळा दिसतो केवळ नारिंगी छटेमुळे.

८/ चित्रावर सहीजवळ ‘७२’ असा आकडा आहे. तरीही ते १८७३ चे असावे, असे काही अभ्यासकांचे मत होते. २०१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी चित्रालाच साक्षीदार केले. सूर्याची दिशा व उंची नोव्हेंबरचा मध्य किंवा जानेवारीचा अखेरचा काळ सुचवत होती. मोठी जहाजे गोदीच्या दरवाजातून फक्त भरतीच्या सुमारासच ये-जा करू शकत. चित्रात तशीच हालचाल दिसते. हवामानाच्या जुन्या नोंदी आणि धुराचा कल यांनी उरलेले पर्याय गाळले.

९/ निष्कर्ष: सर्वाधिक संभाव्य क्षण १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी सुमारे ७ वाजून ३५ मिनिटे. सूर्योदय होऊन फार तर अर्धा तास झाला असावा. हे अनुमानच आहे, पण ते शक्य झाले ते मोनेने सूर्य, धूर आणि पाणी आपल्या सोयीने न हलवल्यामुळे.

१०/ सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बवर्षावात ल हाव्रचा जुना भाग जमीनदोस्त झाला. मोनेने खिडकीतून पाहिलेला तो बंदराकाठ आज उरलेला नाही. त्या सकाळचा प्रकाश मात्र पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात आहे, ज्या कॅनव्हासला ‘अपूर्ण’ म्हणून हसले गेले होते त्याच्यावर.