अशेरीची धार आणि सागाचं जंगल

मंडळी, मनोरजवळच्या खोडकोना गावातून अशेरीगडाची धार चढताना वाटेत पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड लागतो. आपण फोटो काढतो, पुढे जातो. पण समुद्रावरची ही माणसं डोंगरात कशाला आली? उत्तर पायथ्याशी आहे, सागाच्या जंगलात. 1534 मध्ये वसई मिळाली, मग जहाजांना लाकूड लागलं. आपण गडाला नुसता लढाईचा समजतो. मला तो आधी जंगलावरचा पहारा वाटतो. ओंडके तोडणाऱ्या, ओढणाऱ्या माणसांचा मात्र त्या दगडावर पत्ता नाही. (इतिहासात तरी कुठे आहे म्हणा!) पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत अशेरी मराठ्यांकडे आली. 1739 च्या जानेवारीत तारापूर पडलं, मे महिन्यात वसई.