दक्षमित्रेची ओवरी

आमच्या श्रीरामपुरांतील एक स्नेही गेल्या वर्षीं सहकुटुंब तुर्कस्थानांत जाऊन आले. तेथील कापादोकिया प्रांतांत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडांत कोरलेलीं जुनीं घरें आहेत. त्यांपैकीं कित्येक आतां लहान घरगुती हॉटेलें झालीं असून यजमानीणच सकाळीं पाहुण्यांस न्याहारी वाढते. अशा एका गुहेंत या मंडळींनीं तीन रात्री काढल्या. तेथल्या सुखाचें यथेच्छ वर्णन झाल्यावर स्नेही म्हणाले, "लेणीं आपल्याकडेहि उदंड आहेत; पण तीं बैराग्यांचीं. पाहुण्याला ठेवून घ्यावें, त्याची व्यवस्था पाहावी, हें आपल्या पूर्वजांना कोठें सुचलें?" हा समज सुशिक्षितांतहि इतका रूढ आहे कीं, त्याचा थोडा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

श्रीरामपूर म्हणजे कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणारा सपाट मुलूख. डोंगरच नाहीं, तेथें लेणें कोठून असणार? परंतु नाशिक आम्हांस फार दूर नाहीं. तेथील त्रिरश्मि डोंगरावर, ज्यास लोक पांडवलेणीं म्हणतात, दहाव्या क्रमांकाचें लेणें आहे. पुढें खांबांची ओसरी, आंत प्रशस्त दालन, आणि त्याच्या तीन बाजूंस मिळून सोळा खोल्या. पावसाळ्यांत भिक्षूंनीं हिंडूं नये, एके ठिकाणीं राहावें, असा बौद्ध संघाचा नियम होता. त्या वर्षावासाची सोय म्हणून क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानें हें लेणें कोरविलें. कापादोकियाचा दगड मऊ, आमचा काळा पाषाण वज्रासारखा. तरी कोरण्याच्या श्रमाहून आम्हांस अधिक नवल वाटतें तें पुढील व्यवस्थेचें. राहण्यास जागा दिली, पण राहणाराच्या वस्त्राचें काय, हा प्रश्न दात्यानें स्वतःस विचारला आणि त्याचें उत्तर भिंतीवर कोरून ठेविलें.

४२ व्या वर्षाच्या त्या लेखांत म्हटलें आहे कीं, ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेविले: एकींत २,०००, दरमहा शेंकडा १ व्याजानें, दुसरींत १,०००, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं; व्याज तेवढें खर्चावयाचें. पहिल्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. महिन्याचे २०, म्हणजे वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंचे बारा बारा कार्षापण, तेहि २४०च! ही ठेव निगमसभेंत ऐकवून रीतसर नोंदविली होती. आतिथ्य म्हणजे केवळ भावनेचा उमाळा, त्यांत हिशेब आला कीं तें बाटलें, असें मानणाऱ्यांनीं हा लेख अवश्य वाचावा.

बरें, हें औदार्य भिक्षूंपुरतेंच होतें काय? त्याच उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें पांथस्थांसाठीं चौसोपी विश्रामगृहें बांधविलीं आणि तापी, दमण, डहाणू इत्यादि नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, असें तेथेंच नमूद आहे.

आणि हें सर्व एकट्या कर्त्या पुरुषाचें कामहि नव्हे. ओसरींतील खोलीच्या दारावर निराळा लहानसा लेख आहे: नहपानाची कन्या, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा, हिचें हें दान. दिलेल्या खोलीस तेथें 'ओवरक' म्हटलें आहे. देवळाच्या आवारांत यात्रेकरू ज्या ओवरींत पथारी टाकतात, तो शब्द याच कुळांतला. लेण्यांचें जुनें नांव आम्ही विसरलों, पण त्यांतल्या खोलीचें नांव आमच्या आज्या नित्य बोलत असत.

पांडवांनीं हीं लेणीं एका रात्रींत कोरलीं असें म्हटलें कीं विणकर, व्याज, दक्षमित्रा सर्वच पुसलें जातें. भीमास श्रेय द्यावयास आमची ना नाहीं. परंतु ज्या बाईनें आपलें नांव दारावर घातलें, तिचें तें दार आपण न वाचतां ओलांडावें, हें आम्हांस खटकतें.

स्नेह्यांस आम्ही इतकें सांगितल्यावर ते कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या गृहिणीनें मात्र, ती खोली ओसरीच्या कोणत्या टोकास आहे, असें विचारून घेतलें. श्रावणांत आम्ही दोन्ही कुटुंबें नाशिकास जाणार आहोंत.