चौदा आणि पंधरा

मोटारीचे इंजिन किती तापले हे तिच्या संगणकाला कळवणारा सेन्सर म्हणजे दोन तारांच्या टोकाशी बसवलेला थर्मिस्टर. तापला की त्याचा विद्युत्‌रोध घटतो, आणि धातूंच्या रीतीहून उफराटा असा हा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला होता. त्याची साक्ष लिहून घेणारे दप्तर मात्र मोटारीत आले ते लॉस एंजेलिसच्या धुरामुळे. तिथली डोळे झोंबवणारी हवा मोटारींच्या उत्सर्जनातून निपजते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकारंभी दाखवून दिले. पुढे कायदे कडक झाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि त्याला मानवेल असे हवा-पेट्रोलचे प्रमाण एकट्या कार्ब्युरेटरला राखता येईना, तेव्हा जनरल मोटर्सने १९८१च्या आपल्या अमेरिकी मोटारींत तो कारभार संगणकाच्या हवाली केला.

या कारभाऱ्याला तक्रार मांडायला एकच दिवा होता. डॅशबोर्डखालच्या जोडणीतली दोन ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने जोडून, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, की तो एकदा आणि मग थांबून दोनदा लुकलुके: बारा, म्हणजे इंजिन फिरत नाही, पण संगणक जागा आहे. त्यापुढे साठलेले गुन्हे, प्रत्येक तीनतीनदा.

त्यांतले चौदा आणि पंधरा हे जुळे भाऊच. संगणक आपल्या पोटातल्या रोधकातून पाच व्होल्टचा दाब तारेवर सोडतो आणि थर्मिस्टरने तो कितीसा खाली ओढला एवढेच पाहतो. तार बॉडीला टेकली की दाब शून्यावर येतो, इंजिन भट्टीसारखे तापल्याचा समज होतो, आणि चौदा उमटतो. तार तुटली की पाचही व्होल्ट शाबूत राहतात, संगणकाला उणे चाळीस अंशांची हुडहुडी भरते, आणि भर उन्हाळ्यातही तो पेट्रोलची खैरात सुरू करतो. हा पंधरा.

दोन्ही आकड्यांपुढे दुरुस्तीच्या पुस्तिकेत ‘सेन्सर’ एवढेच न लिहिता ‘सेन्सर सर्किट’ असे लिहिलेले असे, आणि माझ्या मते त्या सबंध पुस्तिकेतला सर्वांत प्रामाणिक शब्द तोच. कारण फिर्याद तारेच्या मार्गाविरुद्ध असते, आरोपी त्यावर कुठेही दडलेला असू शकतो. गिऱ्हाइकाच्या खिशातून नवा सेन्सर आणवणारे घाईचे न्यायाधीश तेव्हाही होते. चौदा असता प्लग काढावा. पंधरा उमटला तर तार निर्दोष, सेन्सर दोषी, आणि चौदाच राहिला तर तार किंवा खुद्द संगणक.

१९९६ साली अमेरिकेत सर्व कंपन्यांच्या नव्या मोटारींना समान संकेत सक्तीचे झाले. चौदाचा पी०११७ झाला, पंधराचा पी०११८. स्कॅनरवर पी०११८ दिसला की जाणता मिस्त्री आजही प्लग उपटून त्याच्या दोन घरांत तारेचा तुकडा अडकवतो, आणि उणे चाळीसवर गोठलेला आकडा सरसर चढताना पाहून मगच सेन्सर मागवतो.