लालमूत्र रोग: रक्तापासून मातीपर्यंतचा शोध

म्हैस सात-आठ महिन्यांची गाभण असताना किंवा गाय व्यायल्यानंतर पहिल्या महिनाभरात कधी कधी अचानक लाल, पुढे काळपट तपकिरी लघवी करू लागते. ताप बहुधा नसतो. दूध आटते, डोळ्यांची आतली कड पांढरी पडते, छातीचे ठोके दुरूनही जाणवतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर थोड्याच दिवसांत जनावर दगावते. हाच लालमूत्र रोग. शरीरातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडणे हे त्याचे मुख्य कारण. ते कळायला पशुवैद्यकशास्त्राला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

या रोगाची पहिली नोंद 1853 साली स्कॉटलंडमध्ये झाली. पण 1888 मध्ये व्हिक्टर बाबेश यांनी गुरांच्या रक्तात सूक्ष्म परजीवी दाखवले आणि 1893 मध्ये स्मिथ व किलबोर्न यांनी अशा परजीवींमुळे होणारा, लघवी लाल करणारा गोचिडताप गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केले. हे शोध मोठेच होते. पण त्यानंतर लाल लघवी दिसली की आधी गोचिडाचाच संशय येऊ लागला. ताप नसलेल्या, रक्तात परजीवी न सापडणाऱ्या गाईंचे कोडे तसेच राहिले.

स्फुरदाचे महत्त्व उलगडले ते दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही वेगळ्याच रोगाच्या मागावर असताना. फ्रायबर्गजवळच्या आर्मुड्सफ्लाक्ते येथे आर्नोल्ड थायलर ‘लामसीक्ते’ या लुळेपणाच्या रोगाचा अभ्यास करत होते. तिथली गुरे माळावर पडलेली मेलेल्या जनावरांची हाडे चघळत आणि कुजक्या हाडांतल्या विषाने लुळी पडून मरत. ही हाडांची ओढ कशामुळे, हा थायलर यांचा खरा प्रश्न होता. 1920 च्या सुमारास उत्तर मिळाले: तिथल्या मातीत स्फुरद फार कमी होता, म्हणून गवतातही कमी होता. निर्जंतुक हाडांचा चुरा खाऊ घातल्यावर ती ओढ थांबली, गुरे वजनाने भरली आणि गाई अधिक नियमित विऊ लागल्या. रोग जंतूंमुळेच होतो असे मानण्याच्या त्या काळात, चाऱ्यातली उणीवही कळप मारू शकते हे थायलर यांनी दाखवले. पशुपोषणाच्या इतिहासात याच्या तोडीचे काम थोडेच आहे.

लाल लघवीचा स्फुरदाशी संबंध जोडला अमेरिकेतल्या युटामध्ये मॅडसन आणि नील्सन यांनी, 1939 पासूनच्या लेखांत. पुढे त्यामागची क्रियाही कळली. तांबड्या पेशीला ऊर्जा मिळते ती केवळ साखरेच्या विघटनातून आणि त्याला स्फुरद लागतो. तो घटला की पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी कमी होते, पेशीचे आवरण कमजोर होऊन फुटते आणि मोकळे झालेले हिमोग्लोबिन लघवीत उतरते. न्यूझीलंडमध्ये तांब्याच्या कमतरतेशीही या रोगाचा संबंध आढळला.

भारत, पाकिस्तान आणि इजिप्तमध्ये हा आजार मुख्यतः म्हशींचा आहे, आणि इथे तो विण्याआधीही गाठतो. शेवटच्या तिमाहीत गर्भाची हाडे झपाट्याने वाढतात आणि आईच्या रक्तातला स्फुरद ओढून घेतात. त्याच वेळी नुसत्या बरसीमवर किंवा पेंढ्यावर ठेवलेल्या म्हशीला तूट भरून काढता येत नाही.

निदानाची एक जुनी रीत आजही उपयोगी आहे. लघवी काचेच्या ग्लासात ठेवून द्यावी. रक्त असेल तर पेशी तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. हिमोग्लोबिन असेल तर रंग वरपासून खालपर्यंत तसाच राहतो. गोचिडताप नाही ना, हे मात्र रक्ताचा नमुना तपासूनच ठरते.

उपचारात सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून देतात; पाठ्यपुस्तकातली नेहमीची मात्रा 300 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 60 ग्रॅम. फार अशक्त जनावराला रक्तही द्यावे लागते. खुराकातल्या हाडांच्या चुऱ्याची जागा आता बहुतेक ठिकाणी डायकॅल्शियम फॉस्फेट आणि खनिज मिश्रणाने घेतली आहे. गाभण म्हशीला सातव्या महिन्यापासून ते रोज द्यावे आणि लघवी लाल दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.