सिन्नरची विडी आणि कामगाराचा मान

औद्योगिक वसाहती उभ्या राहण्यापूर्वी सिन्नरची ओळख विड्यांचे गाव अशी होती. कारखान्यातून तेंदूपाने, तंबाखू व दोरा घरी न्यायचा आणि वळलेल्या विड्या परत आणून द्यायच्या, अशी ही पद्धत होती. हे काम मुख्यतः बायकांचे. भिजवलेले पान साच्याप्रमाणे कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरे.

कामगार घरोघर विखुरलेला असल्याने मालकाशी त्याचे नाते देवघेवीच्या वेळीच दिसे. पाने कमी वा फाटकी मिळाली, तर तूट कामगाराच्या अंगावर येई. सदोष म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी बुडे. विडीधंद्यात या छाटणीवरून तंटे होत.

1966च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या घरखेप कामगारालाही कामगार मानले. कारखान्यासाठी दिवसाला 9 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. 1976च्या कल्याण निधी कायद्यामुळे दवाखाने, घरे व मुलांच्या शिष्यवृत्त्यांची वाट खुली झाली.

चोख माप, उघड छाटणी आणि वेळेवर मजुरी, यांवरच विखुरलेल्या कामगारांचा विश्वास टिकतो.